पोहण्याच्या हौदांतील पाणी

विहीर आणि पोहण्याचा हौद ह्या दोहोंतील भेद वरवर पाहतां फारसा मोठा वाटत नाहीं. दोहोंतहि पाणी असतें, दोहोंतहि मुलें पोहतात, आणि दोहोंच्याहि कांठावर उभीं राहून वडील माणसें "फार वेळ पाण्यांत राहूं नका" म्हणून ओरडत असतात. परंतु विहिरीस झरा असतो व हौदास तो नसतो, ह्या एका गोष्टीमुळें दोहोंच्या स्वभावांत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलें कमरेस सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरींत पोहावयास शिकलीं. विहिरीचें पाणी जमिनींतून पाझरून येतें, उपसलें जातें व पुन्हां नवें येतें. तें सदैव निर्दोष असतें असें मुळींच नाहीं. परंतु निदान तें बदलत तरी असतें. हौदाची गोष्ट निराळी. त्यांत एकदां भरलेलें पाणी महिनेच्या महिने, कित्येकदां वर्षानुवर्षें तेंच राहतें. अंगाचा घाम, डोक्याचें तेल, धूळ, झाडांचीं पानें, पांखरांची विष्ठा, ऊन आणि पाऊस हें सर्व त्याच पाण्यास सोसावें लागतें. यास्तव झऱ्याचें काम तेथें माणसास आपल्या हातांनीं करावें लागतें. तें कसें करावें व तें करतांना रसायनशास्त्राचे कोणते नियम ध्यानांत ठेवावे, ह्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हल्लीं लोणावळा, कर्जत, अलिबाग इत्यादि ठिकाणच्या बंगल्यांतून व शेतघरांतून असे हौद पुष्कळ झाले आहेत, आणि सुटींत आपल्यापैकीं कित्येकांस त्यांत पोहण्याची संधि मिळते. अशा हौदाची निगा बहुधा माळ्याच्या किंवा रखवालदाराच्या हातीं सोंपविलेली असते. पाणी निळें दिसलें म्हणजे तें चांगलें, व हिरवें दिसूं लागलें म्हणजे डब्यांतील पूड ओतावयाची, एवढेंच त्या बिचाऱ्यास कोणीं तरी सांगितलेलें असतें. परंतु स्वच्छ दिसणारें पाणी निर्दोष असेलच असें नाहीं. आणि अंदाजानें ओतलेली पूड कधीं निरुपयोगी, तर कधीं अपायकारक ठरते. आमच्या मतें ह्या सर्व विषयाचें सार चार शब्दांत सांगतां येईल: आधीं मोजावें, मग घालावें.

१. हौदाचें माप

औषध देण्यापूर्वीं वैद्य रोग्याचें वय व वजन विचारतो. हौदाचें वजन म्हणजे त्यांतील पाण्याचें माप. समजा, एक हौद ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे. उथळ बाजूस त्याची खोली १ मीटर व खोल बाजूस १.५ मीटर असून तळ सारखा उतरत गेला आहे. म्हणजे सरासरी खोली १.२५ मीटर झाली. ८ × ४ × १.२५ = ४० घनमीटर, अर्थात् ४०,००० लिटर पाणी. हेंच उदाहरण आम्ही शेवटपर्यंत घेणार आहों.

पाण्यांतील द्रव्यांचें प्रमाण दर लिटरास किती मिलिग्रॅम असें मोजतात. एक लिटर पाण्याचें वजन सुमारें दहा लक्ष मिलिग्रॅम असल्यामुळें लिटरास एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लक्षांत एक भाग. पुढें आम्ही जेथें नुसतें 'भाग' म्हणूं तेथें हाच अर्थ घ्यावा. आमच्या हौदांत कोणत्याहि द्रव्याचा एक भाग वाढविण्यास तें द्रव्य ४० ग्रॅम लागेल, हें सहज ध्यानांत येईल. एवढा त्रैराशिकाचा हिशेब ज्यास आला, त्यास अर्धें काम साधलें असें समजावें.

२. क्लोरीनचें कार्य

१७७४ सालीं स्वीडनमधील शेले नामक रसायनज्ञानें क्लोरीन वायु प्रथम तयार केला. १८१० सालीं इंग्लंडांतील हंफ्रे डेव्ही ह्यानें तो मूलद्रव्य असल्याचें प्रतिपादून, त्याच्या पिंवळट हिरव्या रंगावरून, ग्रीक शब्दाच्या आधारें त्यास हें नांव दिलें. पुढें १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटी शहराच्या पिण्याच्या पाण्यांत क्लोरीनयुक्त द्रव्य नित्य घालण्यास आरंभ झाला, व पाण्यापासून होणाऱ्या रोगांशीं झगडण्याचें एक मोठें साधन माणसाच्या हातीं आलें.

घरच्या हौदांत प्रत्यक्ष वायु कोणी सोडीत नाहीं. त्याचीं संयुगें वापरतात. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचिंग पावडर, कॅल्शियम हायपोक्लोराइटची भुकटी, व ट्रायक्लोरच्या पांढऱ्या वड्या हे त्यांचे नेहमींचे प्रकार होत. त्यांतील उपयुक्त क्लोरीनचें प्रमाण सारखें नसतें. आमच्या हौदांत एक भाग क्लोरीन, म्हणजे ४० ग्रॅम, घालावयाचा झाल्यास शेंकडा १० टक्के शक्तीचें द्रवरूप हायपोक्लोराइट सुमारें ४०० मिलिलिटर, शेंकडा ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारें १२० ग्रॅम, शेंकडा ६५ टक्क्यांचें कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारें ६२ ग्रॅम, आणि शेंकडा ९० टक्क्यांच्या ट्रायक्लोरच्या वड्या सुमारें ४४ ग्रॅम लागतील. ह्यावरून "एक वाटी पूड टाका" ह्या सल्ल्यास कांहींच अर्थ नाहीं, हें उघड होईल. कोणती पूड, किती शक्तीची, आणि किती पाण्यांत, हें आधीं विचारलें पाहिजे. शिवाय द्रवरूप हायपोक्लोराइट उष्णतेनें व उजेडानें हळूहळू निःसत्त्व होतें. म्हणून तें ताजें घ्यावें, थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावें, आणि फार दिवसांचा सांठा करूं नये.

क्लोरीनचें कोणतेंहि संयुग पाण्यांत पडलें म्हणजे हायपोक्लोरस आम्ल निर्माण होतें, व खरा जंतुनाश तेंच करतें. परंतु सर्वच जंतु सारखे दुबळे नसतात. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानें ह्यासंबंधीं दिलेले आंकडे बोधप्रद आहेत. पाणी २५ अंश सेल्सिअस उष्णतेचें, मोकळा क्लोरीन १ भाग व सामू ७.५ असतां ई. कोलाय ह्या जंतूची घातक जात एका मिनिटाच्या आंत मरते. 'अ' प्रकारच्या काविळीच्या विषाणूस सुमारें १६ मिनिटें, व जियार्डियास सुमारें ४५ मिनिटें लागतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा अतिसार उत्पन्न करणारा सूक्ष्म जीव अशा पाण्यांत सुमारें १५,३०० मिनिटें, म्हणजे साडेदहा दिवस तग धरतो! म्हणून ज्यास जुलाब होत असतील त्यानें हौदांत उतरूं नये. आणि रोग क्रिप्टोस्पोरिडियमचा असल्यास जुलाब थांबल्यावरहि दोन आठवडे पोहणें वर्ज्य करावें. येथें औषधापेक्षां माणसाचा विवेकच अधिक उपयोगी पडतो.

आतां वासासंबंधीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. हौदाच्या पाण्यास उग्र वास येऊं लागला व डोळे चुरचुरूं लागले म्हणजे "क्लोरीन फार झाला" असें लोक म्हणतात. वस्तुस्थिति बहुधा उलट असते. घाम व मूत्र ह्यांतील नत्रयुक्त द्रव्यांशीं क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामीन नांवाचीं संयुगें बनतात. तो वास व ती आग त्यांची. अशा रीतीनें गुंतून पडलेल्या क्लोरीनला संयुक्त क्लोरीन म्हणतात, व जो कामास मोकळा आहे त्यास मोकळा क्लोरीन. वास येत असेल तर मोकळा क्लोरीन संपत आलेला असण्याचा संभव असतो. त्यावर उपाय म्हणजे क्लोरीन बंद करणें हा नसून, कोणी पाण्यांत नसतांना तो पुरेसा वाढवून क्लोरामीनचा नाश करणें हा होय. अर्थात् त्याहून सोपा उपाय असा कीं, हौदांत उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें साबण लावून अंघोळ करावी, आणि लहान मुलांस मधून मधून बाहेर काढून मोरीकडे न्यावें.

३. सामू

हळदीच्या डागास साबण लागला कीं तो लाल होतो, हें धुणें धुणाऱ्या प्रत्येक घरांत ठाऊक आहे. साबण अल्कधर्मी असतो व हळद त्याची साक्ष देते. पाणी आम्ल आहे कीं अल्कधर्मी हें अंकांनीं सांगण्याची रीत डेन्मार्कमधील सोरेन्सन ह्या शास्त्रज्ञानें कोपनहेगन येथील प्रयोगशाळेंत काम करीत असतां १९०९ सालीं प्रचारांत आणली. त्या अंकास पी.एच. म्हणतात, मराठींत त्यास सामू हें नांव रूढ झालें आहे. सामू ७ असला म्हणजे पाणी उदासीन, त्याखालीं आम्ल, व त्यावर अल्कधर्मी. ह्या मापाची एक पायरी म्हणजे दसपट फरक, हें विसरतां कामा नये. सामू ७ वरून ६ वर आला तर आम्लता दसपट वाढली असा त्याचा अर्थ होतो.

हौदाचा सामू ७.२ ते ७.८ ह्यांच्या दरम्यान ठेवावा असा सर्वमान्य प्रघात आहे. माणसाच्या अश्रूंचा सामूहि साधारणतः ७.४ च्या आसपास असल्यामुळें डोळ्यांस तें पाणी मानवतें. परंतु ह्याहून महत्त्वाचें कारण क्लोरीनच्या वागणुकींत आहे. वर सांगितलेलें हायपोक्लोरस आम्ल सामू वाढूं लागला कीं हायपोक्लोराइट ह्या दुसऱ्या रूपांत जातें, आणि तें रूप जंतुनाशाच्या कामीं कित्येक पटींनीं दुबळें असतें. साध्या पाण्यांत सामू ७ असतां मोकळ्या क्लोरीनपैकीं सुमारें तीन चतुर्थांश भाग जोरदार रूपांत असतो; ७.५ असतां सुमारें निम्मा. आणि ८ असतां एक चतुर्थांशाहूनहि कांहींसा कमी. म्हणजे डब्यांतून तितकीच पूड घालून, तितकाच पैसा खर्चून, एका हौदांत तिप्पट काम होतें व दुसऱ्यांत एकपट!

सामू फार उतरला तर पाणी आम्ल होऊन धातूच्या नळ्या, जिने व पंप ह्यांस झिजवितें, फरशीमधील सिमेंट खातें, व डोळ्यांस झोंबतें. तो फार चढला तर क्लोरीन आळशी होतो, आणि चुन्याचा पांढरा थर कडेस धरूं लागतो. सामू उतरविण्यास सौम्य केलेलें हायड्रोक्लोरिक आम्ल, व चढविण्यास धुण्याचा सोडा वापरतात. दोन्ही थोडे थोडे घालावे, पंप चालूं ठेवून कांहीं तास जाऊं द्यावे, व पुन्हां मोजावें.

४. ऊन आणि सायन्यूरिक आम्ल

वाचकांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोन कांचेच्या पेल्यांत हौदाचें साधें पाणी घेऊन, त्यांत सारखाच क्लोरीन घालून, एक पेला दुपारच्या उन्हांत व दुसरा कपाटांत ठेवावा. दोन तासांनीं दोन्ही तपासले तर कपाटांतील क्लोरीन बराचसा शिल्लक, आणि उन्हांतील बहुतेक उडून गेलेला आढळेल. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण त्याचें विघटन करतात. आपल्या देशांतील उघड्या हौदावर हा प्रयोग रोज आपोआप घडत असतो. सकाळीं घातलेला क्लोरीन मुलें दुपारीं पोहावयास येण्यापूर्वींच नाहींसा झालेला असतो.

ह्यावर तोड म्हणून सायन्यूरिक आम्ल नांवाचें द्रव्य घालतात. तें क्लोरीनशीं सैल संयोग पावून त्याचें उन्हापासून रक्षण करतें, व जसजसा मोकळा भाग खर्चीं पडतो तसतसा सांठ्यांतून पुरवितें. उघड्या हौदांत तें ३० ते ५० भाग असावें. परंतु कोठारांत ठेवलेलें धान्य भुकेल्याच्या ताटांत नसतें. तद्वत् सायन्यूरिक आम्लानें धरून ठेवलेला क्लोरीन त्या क्षणीं जंतुनाशाचें काम करीत नाहीं. म्हणून हें आम्ल असलेल्या पाण्यांत क्लोरीन अधिक ठेवावा लागतो. उपरिनिर्दिष्ट रोगनियंत्रण केंद्राची शिफारस अशी कीं, सायन्यूरिक आम्ल नसतां मोकळा क्लोरीन किमान १ भाग, व असतां किमान २ भाग असावा. शेवाळें होऊं नये म्हणून अनुभवी लोक सायन्यूरिक आम्लाच्या शेंकडा साडेसात ह्या प्रमाणांत क्लोरीन ठेवतात. म्हणजे आम्ल ४० भाग असेल तर क्लोरीन ३ भाग, व आम्ल १०० भाग झालें तर साडेसात भाग. ह्या द्रव्यामुळें सामूच्या चढउताराचा परिणाम कांहींसा सौम्य होतो, हेंहि खरें; पण त्यामुळें सामूकडे दुर्लक्ष करण्याची मोकळीक मिळत नाहीं.

येथेंच वड्यांचा धोका दडलेला आहे. ट्रायक्लोरच्या वड्या वापरावयास फार सोईच्या. एक तरंगत्या डब्यांत ठेवली कीं हळूहळू विरघळत राहते. परंतु त्या वडीच्या घटनेंतच सायन्यूरिक आम्ल असतें. तिनें क्लोरीनचे १० भाग दिले कीं त्याबरोबर ह्या आम्लाचे सुमारें ६ भाग पाण्यांत येतात. आतां हिशेब करूं. आमच्या हौदास रोज २ भाग क्लोरीन लागतो असें धरलें, तर महिन्यास ६० भाग झाले, व त्यासरशीं सायन्यूरिक आम्ल ३६ भाग वाढलें. तीन महिन्यांत तें १०८ भागांवर जाईल. क्लोरीन खर्च होतो. हें आम्ल मात्र जवळजवळ होतें तेवढेंच राहतें. तें उडून जात नाहीं, व गाळणींत अडकत नाहीं. पाण्याची वाफ झाली तरी तें मागेंच राहतें. मग होतें असें कीं, तपासणींत क्लोरीन ३ भाग दिसतो, वड्या तर नियमितपणें घातल्या जात आहेत, आणि तरीहि भिंतींवर हिरवें शेवाळें चढतें. माळी आणखी वड्या टाकतो, त्यामुळें आम्ल आणखी वाढतें, आणि क्लोरीन आणखी दुबळा होतो. ह्या चक्रांतून सुटण्याचा खात्रीचा उपाय एकच: पाण्याचा मोठा भाग काढून टाकून नवें भरणें. ह्याची किंमत काय, हें आम्ही शेवटीं सांगूं. तूर्त एवढेंच, कीं सायन्यूरिक आम्ल एकदां मोजून घालावें, व रोजचा क्लोरीन द्रवरूप हायपोक्लोराइटनें द्यावा. आमच्या हौदास तें रोज ८०० मिलिलिटर पुरे.

५. अल्कता आणि जडपणा

कांहीं हौदांचा सामू सकाळीं एक, तर संध्याकाळीं दुसराच असतो. कांहींचा आठवडाभर स्थिर राहतो. हा फरक पाण्याच्या अल्कतेमुळें पडतो. पाण्यांत विरघळलेलीं बायकार्बोनेटें आम्ल किंवा अल्क कांहींहि आलें तरी त्याचा धक्का आपल्या अंगावर घेतात, व सामू एकाएकीं ढळूं देत नाहींत. अल्कता ८० ते १२० भाग असावी. ती वाढविण्याचें द्रव्य म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील खाण्याचा सोडा. आमच्या हौदाची अल्कता १० भागांनीं वाढवावयास तो सुमारें ६७० ग्रॅम लागतो. उलट अल्कता प्रमाणाबाहेर असली तर सामू सारखा वर चढत राहतो. विशेषतः कारंजीं व धबधबे ह्यांनीं पाणी घुसळलें जाऊन त्यांतील कर्बद्विप्राणिद वायु निघून गेला कीं सामू चढतो. शोभेच्या कारंज्यास असाहि खर्च असतो!

पाण्याचा जडपणा म्हणजे त्यांतील चुन्याच्या क्षारांचें प्रमाण. तें साधारण २०० ते ४०० भाग असावें. देशावरील कित्येक कूपनलिकांचें पाणी मूळचेंच जड असतें. साबणास फेंस येत नाहीं, डाळ लवकर शिजत नाहीं, ह्यावरून घरच्या बायकांस तें आधींच कळलेलें असतें. पावसाचें पाणी मात्र अगदीं हलकें. फार हलकें पाणी चुन्याचें भुकेलें असतें. तें फरशींमधील सांधे व गिलावा ह्यांतून आपली भूक भागवितें. फार जड पाणी उलट चुना बाहेर टाकतें. सामू, अल्कता, जडपणा व उष्णता ह्यांचा मेळ बसवून पाणी चुना खाणार कीं टाकणार हें गणितानें सांगण्याची रीत अमेरिकेंतील लँगलिअर ह्यानें १९३६ सालीं प्रसिद्ध केली, व ती अद्यापि उपयोगांत आहे. कूपनलिकेच्या पाण्यांत लोह असल्यास क्लोरीन घालतांच सर्व हौद तांबूस होतो. अशा वेळीं घाबरून न जातां पंप चालूं ठेवावा, व बसलेला गाळ काढून टाकावा.

६. मोजण्याची रीत

तपासणीची पेटी बाजारांत मिळते. क्लोरीनसाठीं दोन प्रकारचीं द्रव्यें प्रचारांत आहेत. एकानें पाणी पिंवळें होतें. तें मोकळा व संयुक्त असा एकूण क्लोरीन दाखवितें, त्यामुळें केवळ त्यावर विसंबून राहूं नये. दुसऱ्यानें, ज्यास डी.पी.डी. म्हणतात, पाणी गुलाबी होतें, व तें मोकळा क्लोरीन निराळा दाखवितें. हेंच घ्यावें. नमुना पृष्ठभागावरून न घेता, कोपरभर खोल हात घालून, पाणी जेथून हौदांत परत येतें त्या तोंडापासून दूर घ्यावा.

डी.पी.डी.ची एक खोड माहीत असणें अवश्य आहे. क्लोरीन अतिशय वाढलेला असेल तर तो गुलाबी रंगासच विरंजित करून टाकतो. पाणी क्षणभर गुलाबी होऊन लगेच पांढरें पडतें, किंवा मुळींच रंगत नाहीं. पाहणारा समजतो क्लोरीन शून्य आहे, आणि आणखी ओततो! शंका आल्यास नमुन्यांत क्लोरीनरहित शुद्ध पाणी समभाग मिसळून पुन्हां तपासावें. रंग आला, तर आलेला आंकडा दुप्पट करावा. क्लोरीन व सामू रोज, अल्कता आठवड्यास, आणि सायन्यूरिक आम्ल व जडपणा महिन्यास तपासून एका वहींत तारीखवार लिहून ठेवावें. वही असली म्हणजे अंदाज करण्याचा मोह होत नाहीं.

७. गाळणी आणि पावसाळा

रसायनें कितीहि नेमकीं घातलीं तरी पाणी हललें नाहीं तर व्यर्थ. पंपानें तें रोज कांहीं तास वाळूच्या गाळणींतून फिरलें पाहिजे, भिंती व तळ ब्रशानें घासले पाहिजेत, आणि पानें कुजण्यापूर्वीं जाळीनें काढलीं पाहिजेत. गाळणीवरील दाब वाढला कीं तिच्यांतून उलट पाणी सोडून ती धुवावी.

पावसाळ्यांत हिशेब बदलतो. आमच्या हौदाचें तोंड ३२ चौरस मीटर आहे. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ३,२०० लिटर पाणी, अर्थात् एकंदराच्या शेंकडा ८, फुकट आलें. हौद भरलेला असेल तर जुनें पाणी वाहून जाऊन अल्कता, जडपणा व सायन्यूरिक आम्ल हीं तिन्ही उतरतात. घाटमाथ्यावर असे दिवस एकामागून एक येतात. कोणी पोहत नाहीं म्हणून ह्या काळांत हौदाकडे पाठ फिरविणें मात्र वाईट. क्लोरीन संपलेल्या, स्थिर पाण्यांत डांस अंडीं घालतात, व डेंग्यू व हिंवताप ह्यांचें बीज घराच्या अंगणांतच पेरलें जातें.

८. सावधगिरी

आतां सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी. क्लोरीनचें कोणतेंहि संयुग व आम्ल हीं कधींहि एकत्र येऊं देऊं नयेत. ना बादलींत, ना कपाटांत, ना मापाच्या वाटींत. त्यांच्या मिश्रणांतून क्लोरीन वायु सुटतो. हाच वायु २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ युद्धांत शस्त्र म्हणून सोडण्यांत आला होता. पंपाच्या कोंदट खोलींत चुकून तो निर्माण झाला, तर माणसास धांवत बाहेर पडण्यासहि अवधि मिळेल कीं नाहीं ह्याची शंकाच. ट्रायक्लोरच्या वड्या व कॅल्शियम हायपोक्लोराइट हीं दोन्ही क्लोरीनचींच असलीं तरी एकमेकांत मिसळल्यास पेट घेतात किंवा स्फोट होतो. प्रत्येकाचें माप निराळें व कोरडें असावें. आम्ल सौम्य करतांना पाण्यांत आम्ल ओतावें. आम्लांत पाणी ओतूं नये. एका वेळीं एकच द्रव्य घालावें. हें सर्व काम मुलांनीं करूं नये, व डबे त्यांच्या हातीं लागूं देऊं नयेत. जो माळी हें काम करतो त्यास हातमोजे व चष्मा देणें हें मालकाचें कर्तव्य होय. कारण धोका त्याचा असतो व सुख दुसऱ्याचें.

तसेंच, तळाची जाळी कांठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणासहि पाण्यांत उतरूं देऊं नये. गढूळ पाण्यांत बुडालेलें मूल जवळ उभ्या असलेल्या माणसासहि दिसत नाहीं. पाण्याची स्वच्छता ही केवळ शोभेची बाब नव्हे, ती ह्यामुळें.

उपसंहार

हौद बिघडला कीं "रिकामा करून पुन्हां भरा" असें सांगणें सोपें आहे. परंतु आमच्या लहानशा हौदांतहि ४०,००० लिटर पाणी आहे. दहा हजार लिटरांच्या टँकरनें भरावयाचें तर चार टँकर. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनानें खेड्यांतील माणसाच्या रोजच्या पाण्याचें किमान प्रमाण ५५ लिटर धरलें आहे. त्या हिशेबानें हें पाणी सातशें सत्तावीस माणसांचें एका दिवसाचें पाणी झालें. ज्या प्रांतांत चैत्र-वैशाखांत कित्येक गांवें टँकरची वाट पाहत बसतात, तेथें निष्काळजीपणानें बिघडविलेला हौद गटारांत सोडणें हा केवळ पैशाचा अपव्यय म्हणतां येणार नाहीं. हौद बांधावा कीं न बांधावा, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा. पण ज्यानें बांधला, त्यानें तेंच पाणी वर्षानुवर्षें निर्मळ राखण्याची जबाबदारीहि पत्करली आहे. त्यासाठीं मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. एक तपासणीची पेटी, एक वही, एक मापाचा पेला व रोजचीं दहा मिनिटें एवढें पुरे आहे. झरा नसलेल्या पाण्यास तेवढाच झरा असतो. म्हणून पुन्हां तेंच सांगून हा लेख पुरा करतों: आधीं मोजावें, मग घालावें.